कापसाच्या दिवसांतलं निळं रॉकेल

कापसाची ट्रॅक्टरं रस्त्यावर आली की मला मळमळायला लागतं.

परवा धरणगावच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. एकामागून एक ट्रॉल्या चालल्या होत्या. फळ्यांच्या वर हातभर चढवलेला कापूस, त्यावर आवळून बांधलेल्या जुन्या साड्या, त्यांच्याही वर पालथा झोपलेला एखादा माणूस. रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लोंबत होते. शेजारी पुण्याकडचे एक पाहुणे उभे होते. म्हणाले, "वा! काय सुंदर दिसतंय हो. बर्फ पडल्यासारखं." मी ओढणी नाकाला लावली. त्यांना वाटलं, धुळीमुळे. अनोळखी माणसाला कसं सांगणार, की मला या पांढऱ्या कापसातून रॉकेलचा वास येतो, आणि त्या वासातून विलासभाऊंचं भाषण ऐकू येतं?

मुळात रॉकेलचा वास मला आवडायचा. इतका, की लहानपणी मी आबांच्या सदऱ्याची बाही नाकाशी धरून झोपायचे. आबांचा धरणगावात छोटा छापखाना होता. पायानं चालवायचं एक ट्रेडल यंत्र आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, लाकडी पेट्या. छपाई झाली की आबा जुळवलेला मजकूर रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचे, ब्रशनं घासायचे, मगच खिळे आपापल्या घरात परत जायचे. शाई आणि रॉकेल. माझ्यासाठी हा बापाचा वास होता.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. 'जाहीर सभा', 'निषेध', 'बंधू-भगिनींनो' या शब्दांवर मी अक्षरं गिरवली. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर पाढे लिहिले. लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलं छापून आबा घर चालवायचे आणि पत्रकं छापून जगायचे. त्यांच्या पेटीत उद्गारचिन्हं नेहमी कमी पडायची. "जरा दमानं लिही," मला म्हणायचे, "एवढा संताप माझ्याकडे शिशात नाही." मी कॉलेज संपवून घरी आले आणि आमच्या मंडळाची पत्रकं लिहू लागले, तेव्हाची ही गोष्ट. मंडळ म्हणजे आम्ही पाच-सात जण आणि आमचे म्होरके विलासभाऊ.

त्या वर्षी आम्ही रेशनच्या रॉकेलचा प्रश्न हाती घेतला होता. गावोगावी तेच चित्र होतं. गाडी येणार म्हटलं की बाया पहाटेपासून दुकानापुढे कॅन मांडायच्या. कॅन चोरीला जाईल अशी भीती असेल तर कॅनच्या जागी दगड. प्रत्येकीचा दगड ठरलेला, आणि दुसरीचा दगड सरकवला तर झिंज्या धरण्यापर्यंत भांडण. ऊन चढायला लागलं की दुकानदार आतून ओरडायचा, "खतम झालं, पुढच्या महिन्यात या." संध्याकाळी त्याच्याच मागच्या दारानं पिंपं निघायची. ट्रकवाल्यांकडे, बागायतदारांच्या मळ्यांत, पेट्रोलमध्ये मिसळायला. कुणाला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि चहाच्या टपरीवर लोक ते हसत हसत सांगायचे. चोरीपेक्षा मला त्या हसण्याचीच जास्त किळस यायची. आमच्या पत्रकाचं नाव होतं, 'तुमचं रॉकेल कुठे जातं?' ते माझं होतं. आबांनी ते सर्वांत मोठ्या खिळ्यांत जुळवलं होतं.

विलासभाऊ म्हणाले, "पत्रक वाचणारे थोडे. आपल्याला गाडी पाहिजे. वर कर्णा बांधायचा आणि गावात घुसायचं."

गाडी कुठून आणणार? तर धुळ्याच्या एका बड्या घरातल्या मुलानं मोठ्या हौसेनं गाडीचा एक संच मागवला होता. नळ्यांचा सांगाडा, फायबरची लाल बॉडी तुकड्यांत, दिवे, काच. सगळं आपलं आपण जोडायचं, इंजिनही आपणच शोधायचं. जोडणी अर्ध्यावर आली आणि हौस संपली. तो संच वाड्यामागच्या गोठ्यात पडून होता. आम्ही बघायला गेलो तेव्हा बॉनेटखाली एक खुडूक कोंबडी अंडी उबवत होती. विलासभाऊंनी तिला उठवायला हात घातला, तर तिनं कडकडून टोचलं. आम्ही हसलो. पुढे मला कितीदा वाटलं, आमच्यात माणसाची पारख त्या कोंबडीलाच होती.

"घेऊन जा," तो मुलगा म्हणाला. "चळवळीला माझी भेट. फक्त आजच्या आज न्या, वडील ओरडतात."

कापूस टाकून परत निघालेल्या एका रिकाम्या ट्रॉलीत आम्ही ती लाल टरफलं घातली आणि पारोळा, एरंडोल करत धरणगावला आणली. दाराच्या फटींत, सीटच्या खाली, जिथे तिथे कापूस शिरला. तो शेवटपर्यंत पुरता निघाला नाही.

नाना मिस्तरींचं गॅरेज जिनिंगच्या समोर होतं. जिन म्हणजे सरकी वेगळी काढायचा कारखाना, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्याच्या धुराड्यातून आणि दारांतून कापसाच्या तंतूंचं तूस उडत असायचं. हवेत तरंगत यायचं, चहाच्या पेल्यात पडायचं, पापण्यांवर बसायचं. नाना मिस्तरी गरीब बिचारे वगैरे अजिबात नव्हते. जाड मिशी, गळ्यात चांदीची साखळी, आणि आपल्यासारखा मिस्तरी भुसावळ ते धुळे नाही हे दिवसातून दोनदा सांगायची सवय. त्यांचं निम्मं काम मळ्यांतल्या पाण्याच्या मशीनचं होतं. विलासभाऊंनी मला तिथं बसवलं. कारण उघड होतं: नानांवर कुणीतरी नजर ठेवायला हवी, आणि बाकीच्यांना नोकऱ्या होत्या.

समोरचे हमाल चिडवायचे. "काय नाना, मिस्तरीन ठेवी काय?"

"तुन्हापेक्षा बरी शे," नाना ओरडायचे. "हिले तेरा नंबरना पाना समजस. तुले कापूसनं वजन बी समजस नही."

पारोळ्याच्या रस्त्यावर एका जुन्या टॅक्सीचं इंजिन गंजत पडलं होतं, ते आणलं. चार सिलिंडर, वर कार्ब्युरेटर, सायलेन्सरमध्ये गांधीलमाश्यांचं घर. उघडलं तर आत इतकी काजळी, की पिस्टन आणि भिंत वेगळी ओळखू येईना. ब्लॉक जळगावला नेऊन बोअर मारून आणला. नव्या रिंगा आल्या. मग व्हॉल्व्ह घासायचं काम माझ्याकडे आलं. काठीच्या टोकाला रबराची वाटी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची, कडेला खरखरीत मलम लावायचं, आणि काठी दोन तळहातांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची. सुरुवातीला वाळू रगडल्यासारखा आवाज येतो. घुसळत राहिलं की तो मऊ होत जातो, आणि एका क्षणी नुसता रेशमासारखा सरसर. मग कडेला एक राखाडी वर्तुळ दिसतं, सलग, कुठेही न तुटलेलं. त्यावर पेट्रोल ओतायचं आणि खाली थेंब उतरतो का ते बघायचं. उतरला नाही तर काम खरं झालं.

हे मी आजही किळस न येता आठवू शकते. त्या सगळ्या हंगामातलं तेवढंच.

कार्ब्युरेटर नानांनी एका पितळी परातीत सोडवला. वाटीत तरंगणारा फुगा, त्याची सुई, आणि जेट नावाची पितळेची चिमुकली भोकं, ज्यांतून पेट्रोल हवेत फवारलं जातं. नाना जेट तोंडात धरून फुंकायचे, मग डोळ्याशी नेऊन सूर्याकडे बघायचे. "बघ," मला म्हणाले. त्या भोकातून बघितलं तर उजेडाच्या ठिपक्यात एक तंतू आडवा. कापसाचा. "हा एक धागा चार सिलिंडर बंद पाडतो. म्हणून परातीवर मलमल टाक आन फुंकर मारू नको." मी त्या परातीपाशी पूजेला बसल्यासारखी बसायचे.

आणि मग ट्यूनिंग. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा जिनमधले हमाल टाळ्या वाजवत रस्ता ओलांडून आले. नानांनी माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. हवेचा स्क्रू थोडा आत, इंजिन गुदमरतं. थोडा बाहेर, धाप लागते. मधे कुठेतरी एक जागा असते, तिथे ते एकदम शांत होतं. मग प्लग काढून रंग बघायचा. "चहासारखा पायजे," नाना म्हणायचे. "काळा नको, दुधाळ नको. सोयऱ्याला देतो तसला." आमचा प्लग तसला निघाला. पत्रकं लिहिताना मला हे सुख कधी मिळालं नव्हतं, की स्क्रूचा पाव आटा फिरवला आणि खरं काय ते कानांनी ऐकू आलं.

यानंतर नानांनी सगळं पुन्हा उघडलं. विलासभाऊ येऊन गेले होते, दोघं जिनच्या भिंतीशी उभं राहून बराच वेळ बोलले होते. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, परत बसवताना नानांनी सांध्यात एकावर एक दोन गॅस्केटी घातल्या.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"हेड घासलं ना जळगावला. उंची भरून काढायला."

पटण्यासारखं होतं. मग हवा आत जायच्या नळीभोवती त्यांनी पत्रा वळवला, बाहेर जाणाऱ्या धुराची धग नळीला लागावी असा. "थंडीसाठी." मग मोठ्या टाकीशेजारी एक छोटी टाकी बसवली आणि दोन्हींमध्ये पायाशी एक पितळी कॉक. "राखीव पेट्रोल." मुख्य जेटचं भोकही त्यांनी बारीक सुईनं किंचित मोठं केलं. तेव्हा मात्र मी चिडले. एवढं जमवलेलं का बिघडवता?

"पोरी," नाना हसले, "तू पत्रक लिही."

आमच्या भागात ज्याच्या घरी मळा आहे, त्याला विहिरीवरचं मशीन माहीत असतं. त्यालाही दोन टाक्या असतात, आतला दाब कमी ठेवलेला असतो, आणि रॉकेलची वाफ व्हावी म्हणून नळीला धग दिलेली असते. पेट्रोलवर सुरू करायचं, मशीन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचं. बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणायचं, नाहीतर थंड झाल्यावर ते दोरी ओढून खांदा निखळला तरी सुरू होत नाही. शेतावरची पोरंसोरं हे करतात. माझ्याकडे मळा नव्हता, छापखाना होता.

गाडी फिरू लागली. लाल रंग, वर कर्णा, दोन्ही बाजूंना माझ्या ओळी रंगवलेल्या. पहिल्या काही गावांत लोक पळत आले. आणि हळूहळू एक वास सुरू झाला. आधी मला वाटलं आपल्याच कपड्यांचा, घरचा, आबांचा. मग डोळे चुरचुरायला लागले. गाडी थांबली की मागून येणारा धूर आमच्याच अंगावर यायचा, आंबट, तेलकट, घशात चिकटून राहणारा. घरी भाकरी तोंडात घातली तरी तीच चव. प्लग काढला तर काळा, ओला, चिखलात बुडवल्यासारखा. आणि एक विचित्र गोष्ट: इंजिनातलं ऑइल तपासायची पट्टी बाहेर काढली, तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं. पाण्यासारखं पातळ.

नानांना सांगितलं तर ते मिशीतल्या मिशीत हसले. "नशीबवान आहात. तुमची गाडी दूध देते."

विलासभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "उषाताई, लोक मुद्द्यावर बोलतात आणि तुम्ही धुरावर. जुनं इंजिन आहे, धूर करणारच." टाकी भरायला ते नेहमी एकटे जायचे. म्हणायचे, तुम्ही कशाला हात घाण करता.

गिरणेच्या काठच्या त्या गावात आम्ही सकाळी गेलो. आदल्या दिवशीच तिथे रॉकेल 'खतम' झालं होतं. पारावर बाया जमल्या, काही जणी रिकामे कॅन घेऊनच आल्या होत्या, दाखवायला. विलासभाऊंनी गाडी पाराला लावली, चावी फिरवून बंद केली आणि बॉनेटवर चढून कर्ण्याचा माईक हातात घेतला. भाषण उत्तम झालं. खोटं कशाला बोलू? ते उत्तमच बोलायचे. "तुमच्या चिमणीतला थेंब अन् थेंब कुणीतरी पितंय!" असं म्हणाले तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. जनाअक्का म्हणून एक म्हातारी अगदी पुढे बसली होती. शेतमजुरी करणारी, हातांच्या बोटांना कापूस वेचून चिरा पडलेल्या. भाषण चालू असताना तिनं मला फुलपात्रात पाणी आणून दिलं. हलकेच म्हणाली, "बोलस ते चांगलं व तुमना भाऊ."

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. विलासभाऊ उतरून गाडीत बसले, आणि गाडी सुरू होईना.

हवेत गारवा होता, इंजिन थंड झालं होतं. स्टार्टर केकाटत राहिला. गावातल्या पोरांनी धक्का दिला. पारापासून देवळापर्यंत, देवळापासून परत पारापर्यंत. मागून पांढऱ्या धुराची एक उचकी आली आणि संपलं. लोक हसायला लागले. मी बॉनेट उघडलं. मला वाटलं, तोच जेटमधला धागा. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करण्याआधी हातात काहीतरी धरायला हवं होतं. जनाअक्काचं फुलपात्र माझ्याकडेच होतं. मी ते खाली धरलं.

निळं आलं.

रेशनचं रॉकेल निळं असतं. ते बाजारात पळवलं तर ओळखू यावं म्हणूनच त्यात रंग घातलेला असतो. त्या फुलपात्रातून मी थोड्या वेळापूर्वी पाणी प्याले होते, आणि आता त्याच्या पांढऱ्याशुभ्र तळाशी ते निळं डोलत होतं. पट्टीवरचं ऑइल का वाढत होतं तेही कळलं: न जळलेलं हेच खाली उतरत होतं.

जनाअक्का वाकली. तिनं वास घेतला. मग तिनं गाडीकडे बघितलं, गाडीवर रंगवलेल्या माझ्या ओळींकडे बघितलं, आणि सावकाश म्हणाली, "माय व! हाई ते रॉकेल शे."

मागून एक बाई ओरडली, "म्हनीसन आमले भेटस नही! बठ्ठं रॉकेल या गाडीना पोटमा गयं!"

मी विलासभाऊंकडे वळले. "हे काय आहे?"

"हळू बोला."

"कुठून आणता?"

"उषाताई, पेट्रोल परवडतं का आपल्याला? चळवळ चालवायची की नाही?" ते दातांवर दात दाबून बोलत होते. "धरणगावच्या एका दुकानदारानं स्वतःहून दिलंय. त्याचं म्हणणं एवढंच, की आमच्या गावात सभा घेऊ नका. बाकी तालुका मोकळा आहे ना आपल्याला? आणि निव्वळ रॉकेलही नाही ते. थंडीत नीट जळावं म्हणून नानानं त्यात थोडं पेट्रोल घातलंय."

हे ते असं सांगत होते, जणू त्या पेट्रोलानं सगळं शुद्ध होत होतं. आम्ही धरणगावात राहत होतो आणि धरणगावात सभा का होत नाही हे मी कितीदा विचारलं होतं. "घरचं मैदान शेवटी," असं ते म्हणायचे. त्यांच्या ओठांच्या कडेला भाषणाचा पांढरा फेस वाळलेला होता. मला तो अजून दिसतो.

गर्दी जवळ सरकत होती. आणि मग विलासभाऊंनी जे केलं, त्याच्यापुढे चोरीही मला सरळ वाटते. ते पुन्हा बॉनेटवर चढले. माईक घेतला. "माझ्या आया-बहिणींनो," म्हणाले, "हे तुमचंच रॉकेल आहे! चोरांच्या घशातून काढून आम्ही ते तुमच्यासाठी आणलंय! आणा आपापले कॅन!"

एका क्षणात हवा फिरली. ज्या बाया मारायला आल्या होत्या त्याच कॅन आणायला घरांकडे पळाल्या. आमच्या मंडळातला एक जण टाकीच्या तोंडाला नळी लावायलाही लागला. कुणी टाळ्या वाजवल्या.

मी टाकीपुढे उभी राहिले.

"नाही," मी म्हणाले. "यात पेट्रोल आहे. हे स्टोव्हमध्ये घातलं तर भडका होईल. चिमणीत घातलं तर घर जळेल."

आमच्याकडच्या वर्तमानपत्रात 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता मृत' ही बातमी आतल्या पानावर येतच असायची. त्यातले किती भडके स्टोव्हचे आणि किती सासरच्यांचे, हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असायचं. त्या बातम्यांत आमच्या मंडळाच्या कॅननं भर घालायची होती?

"ताई नको म्हणताहेत," विलासभाऊ माईकवर म्हणाले. आवाजात दुःख आणून. "मी काय करू? मी द्यायला तयार आहे."

तेव्हा त्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. विलासभाऊंकडे नाही, माझ्याकडे. हातांत कॅन, समोर टाकी, टाकीत रॉकेल, आणि मधे ही शिकलेली पोरगी हात पसरून उभी. एकीनं मला बाजूला ढकललं. एकीनं शिवी दिली. "पेट्रोल बिट्रोल काही नही, इले घर लई जानं व्हई!" त्यांना वाटलं, मलाच ते घरी न्यायचंय. मी हातात फुलपात्र धरून तेच तेच सांगत राहिले. वास घ्या, वास घेऊन बघा. शेवटी जनाअक्का पुढे आली. तिनं ते फुलपात्र पुन्हा नाकाशी नेलं, या वेळी डोळे मिटून, आणि मागे वळून म्हणाली, "खरं शे. येन्हामा पेट्रोल शे. नका लेवा."

बाया थांबल्या. मग एकेक कॅन उचलला गेला.

जनाअक्का शेवटी निघाली. तिनं माझ्या हातातून आपलं फुलपात्र घेतलं, त्यातलं निळं जमिनीवर उडवलं, पदरानं आतून पुसलं, परत हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "आंडेर," लेकीला हाक मारावी तशी ती म्हणाली, "तू खरं बोलनी. पन मना कॅन ते रिकामाच शे."

आम्ही गाडी ढकलत गावाबाहेर नेली. टाकी रिकामी केल्याशिवाय मी ती गावाजवळ ठेवू देणार नव्हते. कापसाच्या एका शेताच्या बांधाशी पाण्याची चारी होती, तिथे मी टाकीचा खालचा नट काढला. बघ्यांपैकी एकाच्या तोंडात विडी होती, त्याच्यावर मी अशी खेकसले की त्यानं ती गिळलीच असावी. निळं तेल बराच वेळ वाहत राहिलं. माती ते पीत होती आणि काळी पडत होती. वेचणी झालेल्या झाडांवरचा राहिलेला कापूस वाऱ्यानं सुटून येत होता आणि त्या ओल्या जागेवर बसत होता. बसला की हळूहळू निळा होत होता. कापूस होता, रॉकेल होतं. वात व्हायला आणखी काय लागतं? आणि गावात संध्याकाळी अंधार असणार होता.

विलासभाऊ कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून निघून गेले. जाताना म्हणाले, "तत्त्वांनी गाडी चालत नाही, उषाताई." आज ते दोन-तीन समित्यांवर आहेत आणि त्यांचं चांगलं चाललंय. ती लाल गाडी वरातीला भाड्यानं जाते. माझ्या ओळींवर रंग मारून आता गुलाब काढलेत.

नानांकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. भांडायलाच गेले होते. ते एका पाण्याच्या मशीनवर वाकलेले होते.

"माझं काय चुकलं?" ते म्हणाले. "रॉकेलवर चालव म्हटलं, चालवून दाखवलं. धुळ्यापर्यंत कुणी करून दाखवावं. तुमच्या भाऊला कॉक फिरवायचं समजलं नाही, त्याला मी काय करू?" त्यांना खरंच राग आला होता, आणि तो फक्त त्या कॉकबद्दल होता. मी परत फिरले. हवेत तूस उडत होतं. ते माझ्या घामावर चिकटलं, आणि मला रस्त्याच्या कडेला बसून ओकावं लागलं.

मी घरी येऊन एक पत्रक लिहिलं. मथळा तोच ठेवला, 'तुमचं रॉकेल कुठे जातं?' खाली उत्तर होतं. आमच्या गाडीत. कुणी दिलं, कशाच्या बदल्यात दिलं, धरणगावात सभा का झाली नाही, सगळं. खाली माझं नाव. आबांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, "एकही उद्गारचिन्ह नाही."

"नको."

त्यांनी जुळवायला घेतलं. मी शेजारी उभी राहून खिळे देत होते. ट्रेडलची ती ओळखीची खडखड, ओल्या शाईचा वास. वाटलं, निदान इथे, या खोलीत, सगळं स्वच्छ आहे.

छपाई झाली. आबांनी बोळा उचलला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा बाटली आण."

आई बाटली घेऊन आली. निळी. तळाशी तीन बोटं उरलेलं. "एवढंच आहे बरं का," ती म्हणाली. "कार्डावरचं पुढच्या महिन्यात येईल." आणि आत गेली.

आमच्या घरी स्टोव्ह होता. फळीवर, धुऊन पुसून ठेवलेला. आई चुलीवर स्वयंपाक करायची, आणि आम्ही सगळे पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो, की चुलीवरच्या भाकरीची चवच वेगळी. आतून तिच्या खोकल्याचा आवाज आला. फुंकणीचा. परत खोकल्याचा.

आबांच्या हातात बोळा होता, समोर शाईनं माखलेला तो मथळा, उलट्या अक्षरांत. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना कळलं मी काय बघतेय.

"मग कशानं पुसू?" आबा म्हणाले.

धूर स्वयंपाकघरातून छापखान्यात येऊ लागला होता. मी बाटलीला बूच लावलं आणि ती आत नेऊन स्टोव्हशेजारी ठेवली. त्या पत्रकाचे खिळे तसेच राहिले, शाई वाळून एकमेकांना घट्ट चिकटलेले. आबांनी पुढे त्यातलं एकही अक्षर दुसऱ्या कामाला वापरलं नाही.